नाव नोंदवण्याआधीच घडलेलं हृदय

खटावला आमची मावशी खुडूक कोंबडीखालचं अंडं चौथ्या दिवशी काढून अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडावर धरायची. आत लाल रेषांचं जाळं आणि मधोमध एक ठिपका दिसायचा. "जीव धरलाय गं," म्हणत ती अंडं परत कोंबडीखाली सरकवायची. त्या पिल्लाला अजून ना चोच, ना पंख; हृदय मात्र चालू झालेलं.

माणसाच्या गर्भातही सगळ्यात आधी कामाला लागतं ते हृदयच. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी ठोका सुरू होतो. पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. हृदय म्हणजे त्या वेळी नुसती एक नळी. ती वळते, पीळ खाते, आत पडदे वाढून चार कप्पे होतात. बाहेर जाणारी एकच मोठी वाहिनी उभी विभागून तिच्या दोन वाहिन्या होतात, एक फुप्फुसांकडे जाणारी, दुसरी अंगभर. गर्भधारणेनंतरच्या आठव्या आठवड्यापर्यंत हे सगळं उरकतं. आशाताई बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा म्हणून मागे लागतात, पण शेवटच्या पाळीपासून मोजलेले ते बारा आठवडे भरतात तेव्हा हृदयाची बांधणी झालेली असते.

शंभरातल्या जवळपास एका बाळाला जन्मतः हृदयदोष असतो. बऱ्याचदा कारण सापडत नाही, आणि घरची माणसं "ग्रहण पाळलं नाहीस" म्हणून बाळंतिणीलाच बोल लावतात. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही.

संबंध आहे तो साखरेचा. दिवस राहण्याआधीपासून मधुमेह असेल आणि साखर आटोक्यात नसेल, तर धोका कैक पटींनी वाढतो. आईची साखर वारेतून गर्भात उतरते. ज्या पेशींनी सरकत जाऊन ती मोठी वाहिनी विभागायची, त्या जादा साखरेने मरतात किंवा वाटेतच अडकतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिल्यांदा वाढलेली साखर हा घोटाळा करत नाही, कारण तोवर हृदय घडून गेलेलं असतं.

रुबेलाचंही, म्हणजे जर्मन गोवराचंही, तसंच. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक दिसू लागली. आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, आणि त्यातल्या बऱ्याच बाळांना हृदयदोषही होते. रुबेलाची लस गरोदरपणी देत नाहीत. ती आधीच, दिवस राहण्यापूर्वी किमान महिनाभर घ्यावी लागते. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉईनची गोळीही आधीच बंद व्हायला हवी. फिटची गोळी मात्र मनाने सोडू नका, डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या.

आणि मधुमेह असेल, तर मूल हवं असं ठरवाल त्याच महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासून घ्या; पाळी चुकायची वाट पाहू नका.