मोरपिसाचा दांडा आणि स्टेपलरची पिन

गेल्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले होते. त्याने तिथला सगळ्यात जाड, भडक लाल फ्लोट, म्हणजे गळाच्या दोऱ्याला बांधायचं तरंगतं बूच, उचलला. "आई, हा घेऊ. लांबून दिसतो, आणि बघ ना किती हलका आहे. मासा नुसता शिवला तरी बुडेल." काउंटरजवळ उभ्या असलेल्या दोघांनी मान डोलावली. लहानपणी वाईला कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसलेली मुलंही हेच म्हणायची: गळाला बांधलेला तुकडा जितका हलका, तितका तो नाजूक. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे काचेची एक बरणी आणि स्टेपलरची एक पिन घेऊन दाखवता येतं.

आम्ही राहतो त्या इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळाने धरण्याला कोर्स फिशिंग म्हणतात. रोच, ब्रीम, टेंच, कार्प ही त्यातली नेहमीची मंडळी. धरलेला मासा बहुतेक जण परत पाण्यात सोडतात. वय १३ किंवा त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो, आणि १५ मार्च ते १५ जून या काळात नद्यांवर बंदी असते. पाण्याखाली माशाने आमिषाला तोंड लावलं ही बातमी काठावर पोचवणारी जी काही वस्तू असते, ती बाइट इंडिकेटर.

ही वस्तू घरी करण्याची इथे जुनी परंपरा आहे. सगळ्यात साधी म्हणजे पावाच्या गराची गोळी. रीळ आणि रॉडची पहिली कडी यांच्यामध्ये दोरा थोडा सैल सोडायचा आणि त्याच्या झोळाला सुपारीएवढी गोळी चिकटवायची. मासा दूर गेला की गोळी वर चढते, मासा काठाकडे आला की खाली उतरते. रिचर्ड वॉकर या इंजिनिअर मच्छीमाराने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारा बझर तयार केला. दोरा एका बारीक दांडीला टेकलेला असायचा. तो ताणला की दांडी सरकून दोन पत्रे एकमेकांना टेकायचे आणि बझर वाजायचा. याच वॉकरने १९५२ च्या सप्टेंबरमध्ये हेरेफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोचा कार्प धरला. तो मासा पुढे कित्येक वर्षं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता.

पण माझा जीव जडला आहे तो फ्लोटवर. त्यात बॅटरी नाही, वायर नाही, आणि तरीही तो मिलिग्रॅममध्ये मोजमाप करतो.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. आता फ्लोटखाली दोऱ्याला छर्रे लावून त्याला इतकं खाली आणा की फक्त शेंडा पाण्याबाहेर राहील. या क्षणी फ्लोट, छर्रे, आमिष सगळ्यांचा हिशेब चुकता झालेला आहे. फ्लोट भेंडाचा असो की लाकडाचा, त्याच्या वजनाचं काम संपलं; हलक्या फ्लोटला छर्रे जास्त लागतील एवढंच. मासा खालून जादा ओढ लावतो तेव्हा पाण्याखाली नव्याने जातो तो फक्त शेंडा. म्हणजे माशाला लढायचं असतं ते शेंड्याने सारलेल्या पाण्याशी, बाकी कशाशी नाही.

आकडे घालून बघू. शेंडा २ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. तो १ सेंटिमीटर खाली न्यायचा तर ३१ घन मिलिमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, आणि त्याचं वजन ३१ मिलिग्रॅम. स्टेपलरची एक पिन साधारण एवढ्याच वजनाची असते. माझ्या मुलाच्या त्या लाल बुचाचा माथा २ सेंटिमीटर जाड होता. जाडी दसपट म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट, आणि तेवढाच १ सेंटिमीटर बुडवायला लागणार ३.१ ग्रॅम. पाणी इथे स्प्रिंगचं काम करतं, आणि ती स्प्रिंग किती ताठ हे फक्त पाण्याच्या पातळीला असलेली जाडी ठरवते.

बरणीत मोरपिसाचा दांडा उभा तरंगत ठेवून मी त्याच्या २ मिलिमीटरच्या शेंड्यावर पिन अलगद अडकवली. शेंडा खाली जाताना डोळ्यांना स्वच्छ दिसला. तीच पिन लाल बुचावर ठेवली, तर बूच ढिम्म.

आपल्याकडच्या डेअरीत दुधाची डिग्री बघतात तो लॅक्टोमीटर आठवा. खाली फुगीर, वर काडीसारखी बारीक नळी. नळी बारीक ठेवण्याचं कारण हेच: दुधाच्या घनतेत किंचित फरक पडला तरी ती भरपूर वरखाली व्हावी.

मग शेंडा आणखी बारीक केला तर? इथे पृष्ठताण आडवा येतो. हा भाग थोडा किचकट आहे, पण मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. ओल्या शेंड्याभोवती पाणी किंचित वर चढतं आणि त्याला कडेने धरून खाली ओढतं. ही ओढ परिघावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नाही. २ मिलिमीटरच्या शेंड्याचा परीघ ६.२८ मिलिमीटर, पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ०.०७२ न्यूटन, गुणाकार केला तर शेंडा पूर्ण ओला असताना ही ओढ सुमारे ४६ मिलिग्रॅम वजनाइतकी भरते. मघाच्या ३१ पेक्षा जास्त! जाडी निम्मी केली तर स्प्रिंग चौपट नरम होते, पण ही कडेची ओढ निम्मीच होते. शिवाय कोरडा शेंडा खाली जाताना पाणी त्याला एका कोनात भिडतं आणि ओला शेंडा वर येताना वेगळ्या कोनात. त्यामुळे फार बारीक शेंडा जागच्या जागी चिकटल्यासारखा वागतो. माशाने हळूच ओढलं तरी तो आधी हलतच नाही, आणि मग एकदम हलतो.

याचाही पुरावा बरणीतच मिळाला. ओला शेंडा स्थिर झाल्यावर बोटाने भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्याला लावला. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो, कडेची पकड सुटते, आणि शेंडा कुणी न शिवता काही मिलिमीटर वर सरकला. मुलाने तो थेंब तीन वेळा पाणी बदलून लावून बघितला. लॅक्टोमीटर स्वच्छ धुतलेला का असावा, याचंही कारण हेच.

लाटांचा मुद्दाही याच स्प्रिंगचा आहे. ताठ स्प्रिंग भराभर हलते, नरम स्प्रिंग संथ. एकूण ३ ग्रॅम वजन धरलं तर लाल बुचाचा एक हेलकावा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात होतो आणि बारीक शेंड्याचा सुमारे २ सेकंदांत. प्रत्येक छोटी लाट बुचाला उचलते. बारीक शेंड्याला हलायला वेळ मिळेपर्यंत ती पुढे निघून गेलेली असते. अमेरिकेत १९६२ साली बांधलेलं फ्लिप नावाचं संशोधन जहाज याच तत्त्वावर समुद्रात उभं राहायचं. १०८ मीटर लांबीचं ते जहाज एका टोकात पाणी भरून उभं केलं जायचं, आणि लाटा त्याच्या अंगावरून जायच्या.

करायचं कसं? मोरपिसाचा दांडा हातभर घ्या. आत पांढरा भुसभुशीत गर आणि वर गुळगुळीत कडक साल, म्हणून तो हलका आणि ताठ असतो, पाणी पीत नाही. भारतातून मोरपिसं बाहेर नेणं कायद्याने बंद आहे, तेव्हा गावाहून आणायचा विचार करू नका. इथल्या बागांमधले मोर उन्हाळ्याच्या शेवटी पिसारा गाळतात, त्यातली घ्यावीत. वीतभर तुकडा कापा, तंतू ब्लेडने खरवडून टाका, जाड टोक खाली, बारीक टोक वर. वरच्या २ सेंटिमीटरला लाल रंगाचे पातळ हात द्या. जाड थर दिलात तर जाडी वाढते आणि सगळी मेहनत वाया. खालच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवून दोरा त्यात अडकवा. छर्रे शिशाचे नकोत. हंस खडे गिळतात, त्यांच्या पोटात दाणे भरडायला ते लागतात, आणि खडे समजून ते शिशाचे छर्रेही गिळायचे. म्हणून ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

दुकानात याच्या शेजारी माशाला "बोलावणारे" अर्क महागड्या बाटल्यांत मिळतात. त्या पैशांत गांडुळं शोधायला एक चांगलं खुरपं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि टेंचला इथे अजून काही जण "डॉक्टर मासा" म्हणतात: त्याच्या अंगाच्या बुळबुळीत थराने बाकीचे मासे बरे होतात आणि म्हणून पाइक हा शिकारी मासा त्याला खात नाही, अशी जुनी समजूत. पाइक टेंचला खुशाल खातो. आपल्या डोहातल्या आसरांसारखीच ही गोष्ट, ऐकायला गोड आणि तपासल्यावर रिकामी.

टेंचसाठी मात्र आम्ही मांडणी उलटी केली. एकच मोठा छर्रा गळापासून चार बोटांवर, तळाला टेकलेला. फ्लोट फक्त खालच्या टोकाला बांधलेला आणि त्या छर्र्यामुळेच उभा. टेंच डोकं खाली करून तळाचं खातो आणि घास घेऊन अंग सरळ करतो, तेव्हा छर्रा त्याच्याबरोबर उचलला जातो. फ्लोटवरचा भार गेला की तो बुडत नाही, वर येतो.

सकाळी सहाला, धुकं अजून पाण्यावर असताना, आमचा शेंडा दोन बोटं वर आला, डावीकडे कलला आणि पाण्यावर आडवा झाला. मुलगा तो बुडण्याची वाट बघत बसला. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्याने रॉड उचलला. शेवाळी हिरवा, लाल डोळ्यांचा मासा ओल्या जाळीत दोन मिनिटं होता. मग त्याने दोन्ही हातांनी तो पाण्यात धरला आणि शेपटी हलेपर्यंत सोडला नाही.