नेमक्या किरणोपचारासाठी जन आरोग्य योजना : पात्रता, कागदपत्रे आणि पूर्वमंजुरी

फुप्फुसातील कर्करोगाची गाठ लहान असली, तरी रुग्णाचे वय, दमा किंवा हृदयविकार यांमुळे शस्त्रक्रिया धोक्याची ठरू शकते. अशा वेळी डॉक्टर स्टिरिओटॅक्टिक, म्हणजे गाठीवर नेमका रोखलेला, किरणोपचार सुचवतात. लिनियर ॲक्सिलरेटर या किरणोपचाराच्या यंत्रातून वेगवेगळ्या कोनांतून सोडलेले किरण गाठीवर एकवटतात, भोवतालच्या निरोगी भागाला कमी मात्रा पोहोचते आणि उपचार सहसा पाचपेक्षा जास्त बैठका घेत नाही. हा उपचार खर्चिक असल्याने महाराष्ट्रातील कुटुंबांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार आधीच करावा.

१ जुलै २०२४ पासून ही योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांपुरती राहिलेली नसून पांढरी शिधापत्रिका असणारी कुटुंबेही तिच्यात आली आहेत. प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. मात्र ही मर्यादा संपूर्ण कुटुंबाची मिळून असते. शिधापत्रिका नसल्यास अधिवास प्रमाणपत्र लागते.

शिधापत्रिका, आधार कार्ड, बायोप्सीचा अहवाल आणि सीटी किंवा पेट स्कॅनचे अहवाल घेऊन अंगीकृत (योजनेत समाविष्ट) रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे. शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावात फरक असेल, तर तो आधीच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे ठरते.

नोंदणीनंतर रुग्णालय पूर्वमंजुरीसाठी ऑनलाइन प्रस्ताव पाठवते, आणि सर्वाधिक काळजी घ्यावी ती याच टप्प्यावर. किरणोपचाराच्या प्रकारांना वेगवेगळी पॅकेजेस असल्यामुळे डॉक्टरांच्या शिफारसपत्रात नुसते ‘किरणोपचार’ न लिहिता तंत्राचे नाव, गाठीची जागा, एकूण मात्रा आणि बैठकांची संख्या स्पष्ट असावी. रुग्णालय योजनेत असले, तरी तेथे हे तंत्र योजनेखाली मिळतेच असे नाही, म्हणून तेही आरोग्यमित्राकडून निश्चित करून घ्यावे. मंजुरीपूर्वी स्वतः भरलेल्या पैशांची परतफेड योजनेतून होत नाही, हे लक्षात घेऊन घाईने आगाऊ रक्कम भरू नये.

बाहेरगावच्या रुग्णांनी रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा नमुनाही भरून घ्यावा. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित श्रेणीत रुग्णाला मूळ भाड्यात पूर्ण, तर एका सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते.

अडचण आल्यास १५५३८८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.