वेळेबरोबर बदलणाऱ्या आकारांचं स्टॅटिस्टिकल मॉडेलिंग (पोस्टडॉक संशोधन)

आकार हाच डेटा मानायचा आणि तो वाढताना, झिजताना, वाकताना कोणत्या वाटेने जातो ते शोधायचं, हे या शाखेचं काम. पीएचडीनंतर एखाद्या प्रोफेसरच्या ग्रुपमध्ये मुदतीच्या करारावर हे केलं की ते पोस्टडॉक. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरचे विचारतातच, "पीएचडी झाली की रे, आता परत काय शिकायलास?" तर हे शिकणं नव्हे, नोकरीच आहे, फक्त पर्मनंट नाही. भारतात यासाठी नॅशनल पोस्टडॉक्टोरल फेलोशिप आहे, दोन वर्षांची, आधी ती सर्ब (संशोधनाला पैसे देणारं केंद्र सरकारचं मंडळ) द्यायचं. सीमाभागातली पोरं स्टॅटिस्टिक्सच्या एमएस्सीला बहुतेक धारवाडला नाहीतर कोल्हापूरला जातात, पण या विषयाला नुसतं स्टॅटिस्टिक्स पुरत नाही, डिफरेन्शियल जॉमेट्री (वाकड्या पृष्ठभागांचं गणित) आणि कोडिंगही लागतं, आणि ते तिन्ही एका एमएस्सीत क्वचितच मिळतं.

आता आकार म्हणजे नक्की काय. निपाणीच्या शिवारातलं तंबाखूचं एक पान घ्या, दर आठवड्याला त्याचा फोटो काढा, आणि टोक, देठ, शिरा कडेला भिडतात त्या जागा अशा ठरावीक खुणांवर बिंदू द्या, यांना लँडमार्क म्हणतात. मग पान फोटोत कुठे आहे, किती तिरकं आहे, कॅमेरा किती जवळ होता हे सगळं काढून टाकायचं, आणि उरतं तो आकार. ही व्याख्या ब्रिटिश स्टॅटिस्टिशियन डेव्हिड केंडल यांची, १९७७ पासून त्यांनी ती मांडली आणि १९८४ च्या पेपरात तिची जॉमेट्री पूर्ण लिहिली. पण इथे एक गोम आहे, वाढीचाच अभ्यास करायचा असेल तर साइज काढून टाकून कसं चालेल, म्हणून अशा कामात साइज ठेवतात आणि फक्त जागा नि तिरकेपणा काढतात.

खरी अडचण पुढे येते. आकार साध्या सरळ जागेत राहत नाहीत. कागदावरच्या सगळ्या त्रिकोणांचे आकार गोळा केले तर ते एका गोलाच्या पृष्ठभागावर बसतात, दोन ध्रुवांवर समभुज त्रिकोण (एक दुसऱ्याचं आरशातलं रूप) आणि विषुववृत्तावर तिन्ही बिंदू एका रेषेत आलेले. मग नेहमीसारखी बेरीज भागिले संख्या करून सरासरी काढली की ती गोलाच्या आत पोटात कुठेतरी पडते, आणि सरळ रेषेचं रिग्रेशनही (डेटाचा कल दाखवणारी रेषा बसवणं) मोडतं. त्याऐवजी पृष्ठभागावरूनच जाणारी सगळ्यात जवळची वाट, म्हणजे जिओडेसिक, डेटाला बसवतात. यात कर्नाटकात जन्मलेल्या माणसाचाही हात आहे. स्टॅटिस्टिशियन सी. आर. राव, जन्म १९२० चा, हडगलीचा. त्यांनी १९४५ ला संभाव्यता वितरणांमधलं अंतर मोजायचं जे मेट्रिक दिलं त्याचाच विस्तार आज वक्ररेषा एकमेकींवर जुळवायला वापरतात, आणि गंमत म्हणजे १९४६ ला ते केंब्रिजला गेले ते सुदानमधल्या जेबेल मोयाच्या सांगाड्यांच्या मापांचं विश्लेषण करायला.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो काळ. सत्तर वर्षांचे दोन पेशंट घ्या, दोघांचा एमआरआय काढला तर एकाचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग) आक्रसलेला, दुसऱ्याचा ठीक, वय मात्र सारखंच. मग वय ही पट्टी धरून सरासरी काढण्यात अर्थ नाही. २०१५ च्या सुमारास पॅरिसमधल्या स्टॅनली डरलमन वगैरेंच्या ग्रुपने जी मॉडेल मांडली त्यात सगळ्यांची मिळून एक सामाईक वाट असते, आणि प्रत्येक माणसाला तीन गोष्टी वेगळ्या दिलेल्या असतात: तो त्या वाटेला कधी लागला, किती वेगाने चालतोय, आणि त्याची वाट सामाईक वाटेपासून किती बाजूला आहे. माणसामागे स्कॅन तीन-चारच असले तरी शेकडो माणसांचे एकत्र केले की मेंदू झिजवणाऱ्या आजाराचा पूर्ण प्रवास दिसतो. माझ्या मते या विषयातली सगळ्यात हुशार कल्पना हीच, कारण "तुमचं वय काय" ऐवजी "तुम्ही कुठवर आलात" हे विचारता येतं.

पोस्टडॉकचे दिवस मात्र थिअरीपेक्षा स्कॅनमधून आकार कापून काढण्यात, चुकलेले बिंदू सुधारण्यात आणि रात्रभर चालणारं कोड सकाळी अडकलेलं बघण्यात जास्त जातात.

हे सगळं कुठे चालत नाही तेही लिहायला पाहिजे. आकार ताणून, दाबून, वाकवून दुसऱ्यात नेणाऱ्या मॉडेलना, म्हणजे डिफिओमॉर्फिझमवाल्यांना, फाडणं आणि चिकटवणं जमत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिक्कोडी, अथणीकडे कृष्णेचं पाणी पसरलं तशा पुराची काठरेषा सॅटेलाइट फोटोंवरून रोज काढली तर आज दोन वेगळी असलेली तळी उद्या एक होतात, मधे गाव बेटासारखं उरतं, परवा ते बेटही जातं. आदल्या दिवशीचा कुठला बिंदू दुसऱ्या दिवशीच्या कुठल्या बिंदूशी जोडायचा हेच ठरत नाही, तिथे तुकडे आणि भोकं मोजणारी टोपॉलॉजीची साधनं वापरावी लागतात.