जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? फरक पदवीचा आहे, नोंदणीचा नाही

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच ऐकू येतं: "बीएस्सी केली तरच खरी नर्स, जीएनएम म्हणजे मदतनीस." जीएनएम म्हणजे 'जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी' ही पदविका, आणि ती केलेली व्यक्ती फक्त मदतनीस असते हे साफ चूक आहे. या एका गैरसमजापायी मुलं-मुली वर्ष वाया घालवतात, नाहीतर नावात 'नर्सिंग' असलेल्या कुठल्याही कोर्सला पैसे भरून बसतात.

प्रवेशाच्या अटी बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, आणि सीईटी द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचा, बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण हवेत. दोन्हींना मुलगेही प्रवेश घेऊ शकतात. एकच सूचना: अकरावीत जीवशास्त्र सोडून गणित ठेवलं असेल, तर बीएस्सीचा रस्ता तिथेच बंद झालेला असतो. हे अनेकांना बारावीनंतर कळतं.

आता मूळ गोंधळाकडे. कोर्स पास झाल्यावर हातात येतं ते प्रमाणपत्र किंवा पदवी. नर्स म्हणून काम करण्याचा अधिकार त्याने मिळत नाही, तो मिळतो राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवल्यावर. आपल्याकडे ती महाराष्ट्र परिचर्या परिषद. इथे जीएनएम झालेली आणि बीएस्सी झालेली, दोघींचीही नोंद 'आर.एन.आर.एम.' अशीच होते, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका. जीएनएमवाल्यांसाठी वेगळं, खालचं रजिस्टर नाही. सलाइन लावणं, औषधं देणं, रात्रपाळीला वॉर्ड सांभाळणं, प्रसूती करणं, यांपैकी एकही काम 'फक्त बीएस्सीसाठी' राखलेलं नाही.

एम्सची नर्सिंग ऑफिसरची भरती बघा, म्हणजे हे लख्ख दिसेल. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतर करायची पदवी) झालेला उमेदवार नोंदणी हातात येताच अर्ज करू शकतो. जीएनएम झालेल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पण निवड झाल्यावर पद तेच आणि वेतनस्तर तोच, सातवा, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. दारापर्यंतचं अंतर वेगळं आहे, दार एकच आहे.

मग बीएस्सी कशाला? पदवीसाठी, आणि पदवी जिथे लागते तिथे ती लागतेच. एमएस्सी नर्सिंग करायची असेल, नर्सिंग महाविद्यालयात शिकवायचं असेल, लष्कराच्या नर्सिंग सेवेत अधिकारी व्हायचं असेल, तर नुसत्या जीएनएमवर भागत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही: जीएनएम ही पदविका आहे. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असलेल्या स्पर्धा परीक्षा, मग ती राज्यसेवा असो की बँकेची, तीन वर्षं जीएनएम करूनही देता येत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "मग नंतर पोस्ट बेसिक करू." करता येतं, फक्त हिशेब आधी मांडा. जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन, म्हणजे पदवी पाचव्या वर्षाअखेर. नियमित पोस्ट बेसिक पूर्णवेळ असतं, त्यामुळे दोन वर्षं नोकरी सोडावी लागते आणि प्रवेशाची धावपळ पुन्हा करावी लागते. एमएस्सीच्या आधी एक वर्षाचा अनुभव लागतो. तो धरला तर बीएस्सीच्या वाटेने एमएस्सी सात वर्षांत, जीएनएमच्या वाटेने आठ. एका वर्षाचा फरक आहे, आयुष्याचा नाही. पोस्ट बेसिकची पदवी 'दुय्यम' असते हाही भ्रमच, कारण एमएस्सीच्या प्रवेशाला ती बीएस्सीइतकीच चालते.

त्यामुळे विज्ञान शाखा आहे, गुण आहेत आणि चौथ्या वर्षाचा खर्च झेपतो, तर सरळ बीएस्सी करावी, घोळ घालू नये. कला किंवा वाणिज्य शाखा असेल तर बिनधास्त जीएनएम करावं. केवळ बीएस्सीसाठी बारावी पुन्हा विज्ञानातून देण्यात दोन वर्षं घालवू नयेत. घरी चौथ्या वर्षी पगार येणं गरजेचं असेल, तरीही जीएनएमच.

आणि बीएस्सीची जागा मिळतेय, पण महाविद्यालयाशी जोडलेलं रुग्णालय नावापुरतं आहे? तर मोठ्या, गजबजलेल्या रुग्णालयातलं जीएनएम त्याहून कितीतरी चांगलं. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. फी भरण्याआधी स्वतः वॉर्डात फिरून खाटा भरलेल्या आहेत का ते पाहा, प्रसूतिकक्षात महिन्याला किती बाळंतपणं होतात ते विचारा. प्रसूती स्वतः हाताने करायला शिकायचं असतं. रिकाम्या प्रसूतिकक्षात शिकणाऱ्याच्या नोंदवहीत आकडे खोटे भरले जातात, आणि पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात ते उघडं पडतं.

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका) ही मात्र खरोखर वेगळी वाट आहे. दोन वर्षांची, फक्त मुलींसाठी, आणि तिची नोंदणीही वेगळी. उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, घरभेटी हे काम करायचं असेल, तर ती उत्तम. रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) व्हायचं असेल तर नाही. नोंदणी झालेल्या एएनएमला पुढे जीएनएमला प्रवेश घेता येतो.

सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग असिस्टंट' किंवा 'पेशंट केअर'चे कोर्स यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांतून रुग्णसेवकाची नोकरी मिळू शकते, नर्स म्हणून नोंदणी होत नाही. जाहिरातीत पांढरा गणवेश आणि टोपी दिसली, तरी एकच प्रश्न विचारा: अंतिम परीक्षा कोण घेतं? महाराष्ट्रात बीएस्सीसाठी उत्तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा एखादं अभिमत विद्यापीठ असं हवं, जीएनएम-एएनएमसाठी राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. "आमची संस्थाच परीक्षा घेते" असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.