चीनमध्ये फोटो काढायला निघालात? पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत ठेवू नका

चीनच्या फोटो-सहलीचं बुकिंग झालं की ठरलेले फोन सुरू होतात. लेन्स कोणती घेऊ, ड्रोन चालेल का, पहाटे इतक्या लवकर का निघायचं, कार्यक्रमातला एखादा दिवस पुढेमागे होईल का. सगळ्यांची उत्तरं खाली दिली आहेत. पण आधी पासपोर्टचं बोलू. लेन्स चुकली तर एकाचा फोटो हुकतो, पासपोर्ट विसरला तर सगळ्या गटाची सकाळ जाते.

चीनमध्ये तुमचा पासपोर्ट हेच तुमचं तिकीट असतं. बीजिंगचा राजवाडा, म्हणजे फॉरबिडन सिटी, त्याच्या दक्षिणेचा तिआनआनमेन चौक, वेगवान रेल्वे, बहुतेक मोठी प्राचीन स्थळं, सगळीकडे बुकिंग पासपोर्ट नंबरावर होतं. छापील तिकीट बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. राजवाड्याच्या वूमेन दरवाज्याशी कर्मचारी पासपोर्ट हातात घेतो, फोटोचं पान यंत्रावर ठेवतो, पडद्यावर नाव उमटतं आणि फाटक उघडतं. झेरॉक्स ठेवून ते उघडत नाही. मोबाइलमधला फोटो दाखवून वाद घालायला तिथे जागाही नसते, कारण मागे रांग लागलेली असते.

परदेशात पासपोर्ट हरवू नये म्हणून तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवायची आपल्याला सवय आहे. काही मंडळी तर सूटकेसच्या तळाशी, साड्यांच्या घडीत ठेवतात. काळजी रास्त आहे, पण चीनमध्ये रोज सकाळी खोलीबाहेर पडताना पासपोर्ट अंगावर हवा. कॅमेऱ्याच्या बॅगेत नको. ती बॅग दिवसभर उघडझाप होते आणि लेन्स बदलताना कुठेही टेकवली जाते. आम्ही प्रत्येकाला शर्टाच्या आत राहणारा गळ्यातला पाऊच देतो, तो वापरा.

विसरलाच, तर एकट्याला परत पाठवता येत नाही. भाषेची अडचण असते, टॅक्सी मोबाइल ॲपवरून बोलवावी लागते, आणि अनोळखी शहरात कुणाला असं सोडणं आम्हाला पटत नाही. मग आमचा माणूस सोबत जातो आणि बाकीचे त्याच्याशिवाय फाटकाबाहेर थांबतात. राजवाडा साडेआठला उघडतो. पहिल्या अर्ध्या तासात ताइहेमेन या आतल्या दरवाज्यापलीकडचं मोठं पटांगण जवळजवळ मोकळं असतं. पूर्वेकडून येणाऱ्या तिरक्या उन्हात फरशीचा दगड न् दगड उठून दिसतो. दहा वाजता तिथे फक्त टोप्या आणि सेल्फी-स्टिक दिसतात. तो अर्धा तास पैसे भरून परत मिळत नाही.

याच कारणासाठी आम्ही बुकिंगच्या वेळी नाव लिहून न घेता पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो मागतो. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून असतं, आणि व्हॉट्सॲपवर कळवताना लोक फक्त नाव-आडनाव कळवतात. चिनी यंत्रणेला ही दोन वेगळी माणसं वाटतात. फोटो काढताना पानाचे चारही कोपरे दिसू द्या आणि फ्लॅश मारू नका. चकाकी नेमकी नंबरावर येते आणि एक आकडा चुकला की बुकिंग बाद. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा करून घेतलात तर त्याच दिवशी कळवा. जुन्या नंबरावर काढलेली तिकिटं नव्या पासपोर्टला चालत नाहीत, आणि व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो.

आता दिवस बदलण्याबद्दल. राजवाड्याची तिकिटं ७ दिवस आधी, बीजिंगच्या वेळेनुसार रात्री ८ वाजता खुली होतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. रोज किती लोक आत सोडायचे याला मर्यादा आहे, सोमवारी राजवाडा बंद असतो, आणि गर्दीच्या हंगामात सकाळची तिकिटं बघता बघता संपतात. आम्ही साडेपाचच्या आधीच सगळ्यांचे नंबर समोर मांडून बसलेले असतो. रेल्वेची तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. एकदा हे सगळं एकमेकांत गुंफलं की ‘आम्ही आधी शांघाय करतो आणि बीजिंग नंतर’ हे शक्य राहत नाही. यात आडमुठेपणा नाही. एकाचा दिवस हलला की सगळ्यांचा हलतो.

शिवाय कार्यक्रमातला क्रम प्रकाश पाहून लावलेला असतो. बीजिंगमध्ये ज्या दिवशी राजवाडा, त्याच संध्याकाळी पाठीमागची जिंगशान टेकडी. राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीतून ही टेकडी उभी राहिली. वरच्या मंडपातून दक्षिणेकडे पाहिलं की पिवळ्या कौलांची छपरं एकामागून एक, अगदी सरळ रेषेत दिसतात. बीजिंगचा हा ७.८ किलोमीटरचा मध्य-अक्ष जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि तो निर्णय झाला नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत. फोटोसाठी कठड्याच्या बरोबर मध्यावर उभं राहा; दोन पावलं डावी-उजवीकडे झाली तरी रेषा मोडते. दुपारी सूर्य समोर येतो आणि छपरं धुरकट होतात. संध्याकाळी तोच उजव्या हाताला उतरतो आणि कौलांच्या कडा उजळतात.

तिथून उतरून राजवाड्याच्या वायव्येच्या कोपऱ्यातल्या बुरुजापाशी यायचं. खंदक ५२ मीटर रुंद आहे, त्यामुळे बुरुजाचं पूर्ण प्रतिबिंब एका चौकटीत मावतं. वारा पडला की पाणी स्थिर होतं, आकाश निळं असतानाच बुरुजावर दिवे लागतात, आणि निळं-सोनेरी हे मिश्रण फार तर पंधरा-वीस मिनिटं टिकतं. त्याआधी अर्धा तास जागा धरावी लागते. म्हणून त्या दिवशी जेवण उशिरा असतं, कृपया त्यावर नाराज होऊ नका. राजवाड्याच्या आत ट्रायपॉड चालत नाही, इथे बाहेर खंदकाकाठी चालतो.

लुओयांगजवळच्या लाँगमेन लेण्यांचं वेळापत्रक बरोबर उलटं. मुख्य लेणी यी नदीच्या पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. १७.१४ मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध इ.स. ६७५ मध्ये पूर्ण झाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ऊन येतं ते सकाळीच. दुपारी डोंगराची सावली मूर्तीवर पडते, चेहरा सपाट दिसतो. शांघायला पुन्हा संध्याकाळ: ‘बंड’ या नदीकाठच्या रस्त्यावर उभं राहून पलीकडच्या ६३२ मीटर उंचीच्या शांघाय टॉवरकडे पाहायचं. रात्री दहाच्या सुमारास रोषणाई मालवते, तेव्हा ‘जेवून निवांत जाऊ’ म्हणणाऱ्यांच्या हाती काळोख लागतो.

एक बाब हमखास गोंधळात टाकते. सगळ्या चीनमध्ये घड्याळ बीजिंगचं. वाळवंटाच्या काठचं दुनहुआंग इतकं पश्चिमेला आहे की तिथे सूर्योदय बीजिंगपेक्षा साधारण दीड तास उशिरा होतो. त्यामुळे तिथे सकाळी सातला निघालो तरी ती पहाटच असते, आणि संध्याकाळचं सोनेरी ऊन घड्याळात उशिरा येतं. वाळूच्या टेकड्या आणि चंद्रकोरीच्या आकाराचं तळं हे त्या उन्हात काढायचं.

त्याच दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांमध्ये आत फोटो काढायला पूर्ण बंदी आहे. हे आम्ही बुकिंगच्या आधीच सांगतो, तरी तिथे पोहोचल्यावर निराशा होते. अजिंठ्याला फ्लॅश का चालत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. मोगाओची चित्रंही मातीच्या गिलाव्यावरची आहेत आणि श्वासातल्या दमटपणानेसुद्धा त्यांना इजा होते. इ.स. ३६६ पासून खोदली गेलेली ही लेणी कॅमेऱ्याविना, डोळे भरून पाहावीत, असं आमचं ठाम मत आहे. ज्यांना लेण्यांचे फोटो हवेतच, त्यांच्यासाठी आम्ही दातोंगची युनगांग लेणी कार्यक्रमात ठेवली आहेत.

शियानच्या मातीच्या सैनिकांबद्दल थोडक्यात: फ्लॅश आणि ट्रायपॉड दोन्ही बंद. सैनिक सापडले तो उत्खननाचा पहिला खड्डा सुमारे २३० मीटर लांब आहे, आणि सगळी गर्दी समोरच्या कठड्याशी रेटारेटी करते. तिथे एक रुंद फोटो घ्या आणि बाजूने चालत मागच्या टोकाला जा. जोडणी चालू असलेले सैनिक तिथे आहेत, कुणाला डोकं नाही, कुणाच्या हातावर नंबराची चिठ्ठी. ७०-२०० लेन्स (दूरचं जवळ आणणारी) असेल तर इथे तिचं चीज होतं.

‘पिंग्याओला दोन मुक्काम कशाला, दर कमी करा की,’ असं बरेच जण म्हणतात. बाकीच्या सहली हे तटबंदीचं जुनं गाव दुपारी दोन-तीन तासांत उरकतात, हे खरं आहे. पण दुपारी मुख्य रस्त्यावर दुकानांच्या पाट्या आणि माणसांची डोकी याशिवाय काही मिळत नाही. सुमारे ६ किलोमीटरच्या तटाच्या आत राहिलं, की संध्याकाळी बसगाड्या गेल्यावर राखाडी विटांच्या गल्ल्यांत लाल कंदील लागताना दिसतात, आणि सकाळी सातच्या आत दारासमोर झाडणाऱ्या आजी, सायकलवर भाजी आणणारे काका, वाफाळणाऱ्या पावांच्या करंड्या. १८२३ मध्ये सुरू झालेली रिशेंगचांग ही हुंडीचा व्यवहार करणारी पेढी इथेच आहे; तिच्या आतल्या चौकात सकाळचा उजेड वरून सरळ खाली उतरतो. २००१ पासून इथे आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सवही भरतो. तटाच्या आतला मुक्काम महाग पडतो आणि सामान दरवाज्यापासून ढकलत न्यावं लागतं. तरीही हे दोन मुक्काम आम्ही कापणार नाही.

माणसांचे फोटो काढताना आधी नजरेने विचारा, हसून कॅमेरा दाखवा. नको म्हटलं तर पुढे चला. सैनिक, पोलीस आणि तपासणी नाक्यांकडे कॅमेरा वळवू नका.

ड्रोन घरीच ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून चीनमध्ये ड्रोनचे नियम कडक झाले आहेत, नोंदणी बंधनकारक आहे, आणि बीजिंग शहरात उडवण्याचा विचारही करू नका. पॉवरबँकचा नियमही लक्षात ठेवा: २८ जून २०२५ पासून चीनच्या अंतर्गत विमानांत ‘३सी’ (चीनच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवरबँक नेता येत नाही. इथे घेतलेल्या पुष्कळ पॉवरबँकवर ती खूण नसते, आणि तपासणीत ती काढून घेतात. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणा, त्याही हातातल्या बॅगेतच.

फोटोंची प्रत रोज रात्री घ्यायची. हॉटेलच्या वायफायवर गूगल फोटोज आणि व्हॉट्सॲप चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर ते बहुधा चालतं, पण तेवढ्या डेटात शेकडो मोठे फोटो चढत नाहीत. ‘फोन आपोआप बॅकअप घेतो’ या भरवशावर जागा मोकळी करू नका. आमच्या माणसाजवळ लॅपटॉप आणि हार्ड डिस्क असते, कार्ड रात्री त्याच्याकडे द्या, सकाळी परत घ्या. याचे वेगळे पैसे नाहीत.

तारखांबाबत: १ ते ७ ऑक्टोबर आणि १ ते ५ मे या दिवसांत चीनमध्ये सगळा देश सुट्टीवर निघतो, तेव्हा आम्ही सहल काढत नाही, कितीही आग्रह झाला तरी. मुलांच्या सुट्टीत जायचं असेल तर मे महिन्याचा दुसरा आठवडा धरा. दिवाळीची सुट्टी मात्र आपल्या पथ्यावर पडते. हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि बीजिंगच्या गिंको झाडांना पिवळी पानं.

निघण्याआधीच्या एका रविवारी सकाळी पुण्यात शनिवारवाड्यापाशी सराव असतो. तो सहलीच्या पैशांतच धरलेला आहे. कॅमेरा नवीन घेतला असेल तर त्या दिवशी नक्की या. नुसता मोबाइल असला तरी चालेल, गटात निम्मे जण मोबाइलवरच फोटो काढतात. नाव नोंदवताना कॅमेरा कोणता, गुडघ्यांचा त्रास आहे का आणि जिने किती चढवतात हे मोकळेपणाने सांगा. चीनच्या मोठ्या भिंतीच्या जिनशानलिंग भागात चढ बराच आहे, आणि तुमच्यासाठी केबल कारची वेळ आधी धरून ठेवणं आम्हाला सोपं जातं.