वटॉगा वसाहतीच्या सहलीला निघण्याआधी

वटॉगा ही अठराव्या शतकातली गोऱ्या वसाहतकऱ्यांची वस्ती, आजच्या टेनेसी राज्यात. तिथे आम्ही फेरफटका घडवतो. अटलांटा, शार्लट अशा ठिकाणांहून येणाऱ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती: फोनच्या नकाशात नुसतं ‘वटॉगा’ टाकून निघू नका. वटॉगा काउंटी आहे नॉर्थ कॅरोलायनात, बून गावाभोवती. वटॉगा तलाव टेनेसीतच, पण नदीच्या वरच्या अंगाला. १९४८ साली पुऱ्या झालेल्या धरणाचा तो जलाशय, जुनं बटलर गाव त्याच्याच पाण्याखाली गेलं. वसाहत होती सिकॅमोर शोल्सला, आजच्या एलिझाबेथटनमध्ये. नदी एकच, म्हणून नावही सगळीकडे तेच. बूनला पोचलेल्यांना पुढे डोंगरातला तासाभराचा रस्ता उरतो आणि तोवर निम्मा फेरफटका झालेला असतो. पत्ता ‘सिकॅमोर शोल्स, एलिझाबेथटन, टेनेसी’ असाच टाका.

आम्ही ठरल्या वेळेला निघतो, उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही. यावर काहींची नाराजी असते. पण सुरुवात नदीकाठी होते, आणि ती चुकली की पुढचा इतिहास नीट लागत नाही. इथे पाणी उथळ, खडकाळ, पलीकडे जाण्याजोगं. शेजारची सपाट जमीन मूळ रहिवाशांनी फार पूर्वीच झाडं काढून मोकळी केलेली. १७७० च्या सुमारास जेम्स रॉबर्टसन आणि इतर कुटुंबं आली ती या तयार रानावर.

मात्र १७६३ च्या ब्रिटिश राजाज्ञेने अ‍ॅपलाचियन डोंगररांगेपलीकडे वस्तीला मनाई होती, आणि १७७१ च्या मोजणीत ही जागा व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीच्या हद्दीबाहेर, चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या मुलखात निघाली. जमीन विकत घ्यायची सोय नव्हती. म्हणून १७७२ मध्ये या लोकांनी ती चेरोकींकडून दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि कारभारासाठी पाच जणांचं न्यायमंडळ नेमलं. त्यांनी लिहिलेल्या नियमांची एकही प्रत आज उरलेली नाही, याची हळहळ वाटते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याला हे धोकादायक उदाहरण वाटलं: राजाची सत्ता बाजूला ठेवून लोक आपलं सरकार आपणच चालवू लागले होते.

मार्च १७७५ चा भाग आवरता घ्या, असं काही जण सुचवतात. तो आम्ही कमी करत नाही. याच काठावर रिचर्ड हेंडरसन या जमीन-व्यापाऱ्याने राजाज्ञा डावलून चेरोकींकडून सुमारे दोन कोटी एकरांचा मुलूख विकत घेतला. ड्रॅगिंग कनू या चेरोकी नेत्याने त्याला कडाडून विरोध केला. हे ऐकल्याशिवाय जुलै १७७६ मध्ये चेरोकींनी वसाहतकऱ्यांच्या इथल्या गढीला वेढा का घातला ते कळत नाही, आणि मुलांना एकाच बाजूची गोष्ट सांगणं आम्हाला मान्य नाही.

किल्ला म्हटल्यावर दगडी बुरुजांची अपेक्षा ठेवू नका. आज दिसते ती लाकडी गढी विसाव्या शतकात नव्याने उभारलेली. मूळ गढी जवळच होती. सप्टेंबर १७८० मध्ये डोंगरापलीकडचे लढवय्ये याच मैदानावर जमले आणि ७ ऑक्टोबरला अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली किंग्ज माउंटनची लढाई ब्रिटिशांच्या बाजूच्या फौजेविरुद्ध जिंकले.

अठराव्या शतकातली खरी वास्तू बघायची तर कार्टर कुटुंबाचं घर एलिझाबेथटनमध्येच आहे. ते आणि तलाव मिळून दुपारची वेगळी फेरी आम्ही करतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर चालणं कमी ठेवतो. नाव नोंदवतानाच सांगा, म्हणजे गाडीची सोय आधी करता येते.