मोठी डिस्क, अपुरी रॅम: कॅशिंग प्रॉक्सीचा जुना पेच

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली आणि मुंबईत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. एका बारीकशा लाइनवर आठ-दहा मशीन. याहूच्या पहिल्या पानावरची तीच चित्रं दर गिऱ्हाइकासाठी परदेशातून पुन्हा उतरायची. ती आपल्याच डिस्कवर जपून ठेवणारा (म्हणजेच कॅश करणारा) प्रॉक्सी, कॅफे आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर, म्हणून तर हवाहवासा वाटे.

१९९४ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचा सर्व्हर हे काम करतच होता, पण दर मागणीला नवी प्रोसेस, म्हणजे प्रोग्रॅमची नवी चालती प्रत, उघडायचा. अमेरिकेतल्या हार्वेस्ट प्रकल्पाने वेगळा मार्ग धरला: प्रोसेस एकच, आणि डिस्कवर काय काय आहे त्याची सूची कायम रॅममध्ये. त्याच कोडमधून १९९६ मध्ये ड्युएन वेसल्स आणि सहकाऱ्यांनी स्क्विड हा कॅशिंग प्रॉक्सी उभा केला.

सगळा पेच या सूचीत आहे. एका वस्तूचा, म्हणजे जपलेल्या पानाचा किंवा चित्राचा, सरासरी आकार १३ केबी धरला, तर एका जीबीत ऐंशी हजार वस्तू मावतात. प्रत्येकीच्या नोंदीला सत्तरहून अधिक बाइट लागतात. वरखर्च धरून हिशेब ठरला: दर जीबी डिस्कमागे १० एमबी रॅम. ६४ बिटच्या मशीनवर १४.

हा हिशेब न करता मी दादरच्या एका कॅफेत लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ४० जीबीची डिस्क लावली. मशीनला रॅम १२८ एमबी. वर स्क्विडचं कॅश_मेम हे सेटिंग ८ एमबीवरून ३२ केलं, कारण ती स्क्विडच्या एकूण रॅमची मर्यादा आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो आकडा फक्त वाटेवरच्या आणि ताज्या वस्तूंचा. सूची त्याच्या बाहेर. सुरुवातीचे आठवडे सगळं झकास चाललं, आणि फसगत होते ती इथेच, कारण सूची डिस्क भरेल तशी वाढते. सहा जीबीही भरली नव्हती तोच मशीन स्वॅपवर गेलं, म्हणजे रॅम संपून डिस्कच रॅमसारखी वापरू लागलं. डिस्क अखंड खरखरत होती आणि पान थेट नेटवरून लवकर येत होतं. कॅश चार जीबीवर आणली, कॅश_मेम पुन्हा ८ केलं, तेव्हा खरखर थांबली.

पुढे रॅम स्वस्त झाली. पण तोवर बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून पाठवण्यावर, गेल्या होत्या, आणि कुलूपबंद पानातलं चित्र मधल्या प्रॉक्सीला दिसतच नाही.